'२५०' म्हणण्याआधी: मेल आर्काइव्हचा फेलओव्हर, पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

ऑफिसचा मेल सर्व्हर बसला की दोन मिनिटांत फोन खणखणायला लागतात. आर्काइव्हचा, म्हणजे प्रत्येक मेलची प्रत जपून ठेवणारा, सर्व्हर बसला तर कुणाचाच फोन येत नाही. मेल येत असतात, जात असतात, सगळे खूश. फोन येतो तो आठ-दहा महिन्यांनी. "लीगलला त्या व्हेंडरबरोबरचा मार्चमधला सगळा पत्रव्यवहार हवाय, आजच." आणि मार्चमधले दोन दिवस आर्काइव्हमध्ये कोरे निघतात.

म्हणून आर्काइव्हला दुसरा सर्व्हर जोडतात. एक पडला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, याला म्हणायचं फेलओव्हर. ज्यांच्या गळ्यात हे काम नुकतंच पडलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. लिनक्सशी तोंडओळख असली आणि मेल इकडून तिकडे कसा जातो याची ढोबळ कल्पना असली की पुरे.

उदाहरणाला माझ्या हाताखालची मांडणी घेतो. पुढे पोस्टफिक्सचा एक रिले, म्हणजे मेल घेऊन पुढे पोचवणारा सर्व्हर, मागे पायलर हे ओपन सोर्स आर्काइव्ह, त्याचा डेटाबेस मारियाडीबी, आणि हे सगळं चालवणारी दोन मशीन. एकीचं नाव कृष्णा, दुसरीचं कोयना. दोघींपैकी जी कामावर असेल तिच्याकडे एक तरंगता आयपी पत्ता असतो, त्याचं नाव संगम. कऱ्हाडकरांना वेगळं सांगायला नको.

नद्यांची नावं हौस म्हणून दिलेली नाहीत. मशीनला 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' म्हणून ठेवलंत तर पहिल्या फेलओव्हरनंतर ती नावं खोटं बोलायला लागतात. रात्री दोन वाजता 'सेकंडरी सध्या प्रायमरी आहे' हे डोक्यात धरून कमांड मारायची म्हणजे कठीणच. एक-दोन आकड्याने वेगळी असलेली नावंही नकोत. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड सांभाळणाऱ्या सेवेच्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य डेटाबेसचंच फोल्डर उडवलं होतं, आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. तेव्हा नावं वेगळी ठेवा, आणि जमलं तर दोन्ही मशीनच्या प्रॉम्प्टचा रंगही वेगळा ठेवा. फुकटात होणारं काम आहे.

मेल येतो कुठून ते आधी कागदावर काढा

आर्काइव्हकडे मेल आपोआप येत नाही, कुणीतरी त्याची जादा प्रत पाठवत असतं. पोस्टफिक्समध्ये 'ऑल्वेज बीसीसी' नावाचं सेटिंग असतं, त्यात आर्काइव्हचा पत्ता टाकला की प्रत्येक मेलची एक प्रत तिकडे जाते. एक्स्चेंज वापरत असाल तर हेच काम जर्नल नियम करतो. ही प्रत साध्या एसएमटीपीनेच, म्हणजे मेल पाठवायच्या नेहमीच्या प्रोटोकॉलनेच जाते, म्हणजे आर्काइव्हच्या दाराशी ती इतर कुठल्याही मेलसारखीच येऊन उभी राहते.

तुमच्या सोयीची सगळ्यात मोठी गोष्ट इथेच आहे. दार बंद असेल तर रिले ती प्रत फेकून देत नाही, आपल्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगनुसार पहिला पुनर्प्रयत्न सुमारे ५ मिनिटांनी, मग अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाहून थोडं जास्त. असं ५ दिवस चालतं. स्वतःच्या ऑफिसातल्या एक्स्चेंज सर्व्हरची मूळ मुदत मात्र २ दिवसांचीच आहे. तुमच्याकडे ती किती आहे ते आजच बघून ठेवा. बंद पडलेला आर्काइव्ह तुम्ही किती काळ सहन करू शकता, याचं उत्तर त्या एका आकड्यात असतं.

मुदत संपली तर पूर्वी एक मजेशीर घोटाळा व्हायचा. पोस्टफिक्स २.३ च्या आधी बीसीसीने गेलेल्या प्रतीचा बाउन्स, म्हणजे 'मेल पोचला नाही' ही सूचना, मूळ मेल पाठवणाऱ्याकडे जायचा. म्हणजे तुमच्या ग्राहकाला कळवलं जायचं की, त्याने कधी न पाठवलेल्या पत्त्यावर त्याचा मेल पोचला नाही. त्यानंतरचे फोन मात्र दोन मिनिटांत यायचे. आताचा पोस्टफिक्स या प्रतीचा बाउन्स पाठवणाऱ्याला देत नाही, प्रत गुपचूप जाते आणि फोनही येत नाही.

'२५०' म्हणजे वचन

रिले आर्काइव्हला मेल देतो. शेवटी आर्काइव्ह '२५०' हा आकडा परत पाठवतो. एसएमटीपीच्या नियमावलीत, आरएफसी ५३२१ मध्ये, याचा अर्थ स्पष्ट लिहिलाय: २५० म्हटलं की मेलची जबाबदारी घेणाऱ्याची. रिले निर्धास्त होऊन आपली प्रत पुसून टाकतो. या क्षणानंतर ती प्रत फक्त तुमच्या आर्काइव्हपाशी आहे.

हे समजलं की फेलओव्हरकडे बघायची नजरच बदलते. पडलेला सर्व्हर वाईट, असं आपल्याला वाटत असतं. पण आर्काइव्हपुरतं बोलायचं तर पूर्ण मेलेला सर्व्हर निरुपद्रवी असतो. दार बंद, मेल रिलेच्या क्यूमध्ये, कुणाचं काही हरवलेलं नाही. त्याहून वाईट आहे अर्धवट जागा झालेला सर्व्हर. कोयना उठली, पण तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये आर्काइव्हचा पत्ताच घालायचा राहिला होता, तर ती '५५०, असा कुणी इथे राहत नाही' म्हणणार. पाचने सुरू होणारं उत्तर कायमचं असतं. रिले पुन्हा प्रयत्न करत बसत नाही, तिथल्या तिथे ती प्रत सोडून मोकळा होतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे '२५०' म्हणून मेल भलतीकडे ठेवणारा सर्व्हर.

हे मी स्वतः भोगलंय. जुन्या नोकरीत फेलओव्हर झाला, दुसरं मशीन उठलं, मेल घ्यायला लागलं, सगळे हिरवे दिवे. आठवड्याने मूळ मशीनवर परतलो आणि त्या आठवड्याचे मेल गायब. डेटाबेसमध्ये नाहीत, स्टोअरमध्ये नाहीत. रिलेच्या लॉगमध्ये मात्र प्रत्येकासमोर २५०. दोन दिवस डोकं फोडून घेतलं. शेवटी लक्षात आलं की दुसऱ्या मशीनची रूट डिस्क जवळजवळ भरलीय, आणि फोल्डरांची बेरीज केली तर तेवढी जागा कुठेच दिसत नाही. फेलओव्हरच्या वेळी डेटाची डिस्क माउंट व्हायच्या आधीच आर्काइव्ह सुरू झालं होतं. माउंट व्हायच्या जागी एक रिकामं फोल्डर असतंच, त्याने बिनदिक्कत त्यात लिहायला सुरुवात केली. नंतर कुणीतरी डिस्क माउंट केली, आणि तिच्याखाली ते फोल्डर झाकलं गेलं. डिस्क अनमाउंट केली तेव्हा खाली सगळे मेल जसेच्या तसे बसलेले. नशीब बलवत्तर.

तेव्हापासून दोन गोष्टी मी न चुकता करतो. माउंटच्या त्या रिकाम्या फोल्डरला इम्युटेबल खूण लावतो, म्हणजे डिस्क नसेल तर रूटलाही तिथे लिहिता येत नाही. आणि सिस्टिमडीला सांगून ठेवतो की ही डिस्क माउंट असल्याशिवाय आर्काइव्हची सेवा सुरूच करायची नाही.

पलीकडे काय काय जायला हवं

नवखा माणूस म्हणतो, मेलच्या फायली आणि डेटाबेस. खरी यादी थोडी लांब आहे. मेलचं स्टोअर तर हवंच, तिथे मेल दाबून आणि एन्क्रिप्ट करून ठेवलेले असतात. कुठला मेल कुणाचा, कधीचा, कुठल्या फायलीत, हे डेटाबेस सांगतो. शोधण्यासाठीचा इंडेक्स वेगळा. बरीचशी आर्काइव्ह आलेला मेल आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उतरवून घेतात आणि निवांत प्रक्रिया करतात. २५० म्हणून झालेलं, पण डेटाबेसात अजून नोंद नाही, अशा मेलचं हे फोल्डर. त्याचं नाव यादीत बहुतेकांच्या राहूनच जातं.

यातला इंडेक्स गेला तर रडू नका. स्टोअर आणि डेटाबेस शाबूत असतील तर तो पुन्हा बांधता येतो, वेळ लागतो एवढंच. उलट होत नाही, इंडेक्समधून मेल परत मिळत नाहीत.

आणि किल्ली. पायलर मेल एन्क्रिप्ट करतो ती किल्ली इन्स्टॉल करताना तयार होते आणि कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये एका छोट्याशा फायलीत पडून राहते. डेटाच्या डिस्कवर ती नसते, म्हणून डिस्कची नक्कल कितीही चोख ठेवलीत तरी किल्ली कोयनेवर आपोआप पोचत नाही. कोयनेवर आर्काइव्ह नव्याने इन्स्टॉल केलंत तर तिची स्वतःची वेगळी किल्ली तयार होते, आणि तुमचे जुने सगळे मेल तिला अगम्य. किल्ली कायमची हरवली तर आर्काइव्हच हरवलं. मी ती दोन्ही मशीनवर ठेवतो, एका पेन ड्राइव्हवर ठेवतो, आणि तो पेन ड्राइव्ह अकाउंट्सच्या तिजोरीत असतो.

जुळ्या डिस्का

कृष्णेवर लिहिलेलं कोयनेवर पोचवायचे दोन मार्ग आहेत. डेटाबेस आपल्या पद्धतीने, फायली आपल्या पद्धतीने, असं प्रत्येकाचं वेगवेगळं रेप्लिकेशन करायचं, किंवा अख्खी डिस्कच ब्लॉक पातळीवर जुळी ठेवायची. पहिल्या मार्गात डेटाबेस दहा सेकंद पुढे आणि फायली मागे, अशी गत होऊ शकते. नोंद आहे पण मेल नाही. म्हणून छोट्या मांडणीला मी दुसरा मार्ग सुचवतो.

लिनक्समध्ये त्यासाठी डीआरबीडी आहे, २०१० पासून कर्नलमध्येच आहे. स्टोअर, तात्पुरतं फोल्डर, डेटाबेसच्या फायली, इंडेक्स, सगळं एकाच डीआरबीडी डिस्कवर ठेवायचं. एका वेळी एकच मशीन ती डिस्क उघडतं, दुसरं मुकाट नक्कल करत राहतं. त्यात 'प्रोटोकॉल सी' निवडा. त्याचा अर्थ, दोन्ही डिस्कांवर पोचल्याशिवाय लिहिणं पूर्ण झालं असं मानायचं नाही. म्हणजे कृष्णेने २५० म्हटलं त्या क्षणी मेल कोयनेवरही आहे. 'प्रोटोकॉल ए' वेगवान आहे, पण त्यात कृष्णा पडली तर शेवटच्या काही क्षणांचे मेल तिच्याबरोबर जातात आणि रिलेकडे त्यांची प्रत उरलेली नसते. एकाच इमारतीत असाल तर सी, यात वादच नको.

एक खुलासा. डीआरबीडी म्हणजे बॅकअप नव्हे. कृष्णेवर चुकून काही पुसलंत तर ते कोयनेवरही त्याच क्षणी पुसलं जातं. बॅकअप वेगळा हवाच.

पत्ता कसा सरकतो

रिलेला कृष्णा-कोयना माहीत नाहीत, त्याला फक्त संगम माहीत. हा पत्ता एका मशीनवरून दुसरीवर नेण्याचं काम बहुतेक ठिकाणी कीपअलाइव्हडी करतं, व्हीआरआरपी नावाच्या प्रोटोकॉलने. कामावरचं मशीन दर सेकंदाला 'मी आहे' अशी हाक देतं. दुसरं ऐकत बसतं. तीन हाका चुकल्या आणि वर थोडा जादा वेळ गेला की ते पत्ता स्वतःकडे घेतं. जादा वेळ प्राधान्याच्या आकड्यावर ठरतो: २५६ मधून प्राधान्य वजा करायचं आणि २५६ ने भागायचं. कोयनेचं प्राधान्य १०० असेल तर ०.६१ सेकंद, म्हणजे एकूण ३.६१ सेकंदांत पत्ता सरकतो. मग कोयना नेटवर्कवर एआरपीने दवंडी पिटते की संगम आता माझ्याकडे आहे, आणि स्विच-राउटर आपापल्या नोंदी बदलतात.

इथे नवख्यांची एक ठरलेली चूक आहे. प्रत्येक जोडीला १ ते २५५ मधला एक राउटर आयडी द्यावा लागतो. कीपअलाइव्हडीच्या नमुना फायलीत ५१ आहे, आणि जगात सगळे तोच ५१ उचलतात. त्याच नेटवर्कवर फायरवॉलवाल्या टीमनेही ५१ उचललेला असेल तर दोन्ही जोड्या एकमेकींच्या हाका ऐकून गोंधळ घालतात. बदला तो आकडा. क्लाउडमध्ये असाल तर मल्टिकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम दिलेली हाक, बहुधा चालत नाही, तेव्हा हाका थेट समोरच्या पत्त्यावर पाठवायचं सेटिंग करा.

मशीन जिवंत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. कीपअलाइव्हडीला एक छोटी तपासणी स्क्रिप्ट जोडता येते. तिने तीन प्रश्न विचारावेत: २५ नंबरचं पोर्ट उत्तर देतंय का, डेटाची डिस्क माउंट आहे का, तिच्यावर जागा शिल्लक आहे का. एकाचंही उत्तर 'नाही' आलं तर पत्ता सोडायचा. पत्ता कुणाकडेच नसला तरी चालेल, क्यू आहे ना.

दोघी एकदम जाग्या झाल्या तर

आता मुख्य धोका. कोयनेला हाक ऐकू आली नाही याचा अर्थ कृष्णा मेली असाच होतो का? मधली केबल निघाली असेल, स्विच रीस्टार्ट होत असेल. कृष्णा मजेत आहे, मेल घेतेय, आणि इकडे कोयनाही उठून मेल घ्यायला लागते. काही मेल इकडे, काही तिकडे, दोन्ही डेटाबेस आपापले पुढचे क्रमांक देतायत. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. केबल परत लावली की डीआरबीडी हात वर करतं: दोन्ही डिस्का वेगळ्या वाटेने गेल्यात, कुठली खरी ते तुम्हीच सांगा. एक निवडली की दुसरीवर आलेले मेल गेले. आणि त्या सगळ्यांना आपण २५० म्हणून बसलेलो असतो.

हे मोठमोठ्यांनाही चुकलेलं नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या कोड सांभाळणाऱ्या सेवेच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कची एक जोडणी ४३ सेकंदांसाठी तुटली. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य करून टाकले. दोन्हीकडे एकमेकांना न पोचलेल्या नोंदी होत्या. ते निस्तरेपर्यंत २४ तास ११ मिनिटं सेवा लंगडत होती. ४३ सेकंद नुसतं थांबले असते तर?

उपाय दोन. पहिला, फेन्सिंग. कोयनेने उठायच्या आधी कृष्णेची वीज खरोखर तोडायची, तिच्या आयपीएमआय कार्डातून (मशीन दुरून चालू-बंद करायची सोय) किंवा पॉवर स्ट्रिपमधून. क्लस्टरवाल्यांनी, म्हणजे अशा जोडलेल्या मशीनवर काम करणाऱ्यांनी, याला 'स्टोनिथ' नाव दिलंय, त्यातल्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ 'समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला' असा होतो. नाव हिंस्र आहे, पण हेतू शहाणा. दुसरा, तिसरा साक्षीदार. दोघांत बहुमत होत नाही, हे भावकीच्या वाटण्या पाहिलेल्यांना सांगायला नको. एखादं तिसरं हलकं मशीन ठेवायचं आणि दोन मतं मिळाल्याशिवाय कुणी उठायचं नाही असा नियम करायचा.

माझं मत विचाराल तर, दोन-तीन माणसांच्या टीमने आर्काइव्हचा फेलओव्हर आपोआप ठेवूच नये. घाई कशाची आहे? क्यूची मुदत दिवसांत मोजतात. मशीन पडलं की मोबाइलवर अलर्ट यावा, माणसाने उठावं, चहा घ्यावा, नक्की काय झालंय ते पाहावं, आणि मग हाताने स्क्रिप्ट चालवावी. ज्यांना दिवसभर आर्काइव्हमध्ये शोधाशोध करावी लागते, उदाहरणार्थ ब्रोकर किंवा मोठं कॉल सेंटर, त्यांनी फेलओव्हर आपोआप करणारी पेसमेकरसारखी यंत्रणा फेन्सिंगसकट बसवावी. फेन्सिंगशिवाय नाही.

आणखी एक साधा पर्याय आहे: फेलओव्हरच करायचा नाही. रिलेवरून प्रत्येक मेलच्या दोन प्रती दोन स्वतंत्र आर्काइव्हना पाठवायच्या. एक पडलं तर त्याच्या प्रती क्यूमध्ये थांबतात, दुसरं चालूच असतं. डिस्क दुप्पट लागते आणि दोन्हीकडची मोजणी अधूनमधून जुळवावी लागते. छोट्या ऑफिसला हे भलतंच सोयीचं पडतं.

प्रत्यक्ष वेळ आली की

समजा मंगळवारी पहाटे कृष्णा पडली. क्रम असा ठेवा, आणि मधली पायरी गाळू नका.

१. रिलेवर नळ बंद करा. आर्काइव्हसाठी पोस्टफिक्समध्ये आधीच वेगळा ट्रान्सपोर्ट, म्हणजे पाठवण्याचा वेगळा मार्ग, केलेला असावा, तो 'डिफर'मध्ये, म्हणजे थांबवून ठेवलेल्यांत, टाका. आता कुठलंही मशीन उठलं तरी त्याला मेल मिळणार नाही. या अवस्थेत क्यू फ्लश करायची, म्हणजे रांगेतलं सगळं लगेच पाठवायची, कमांड देऊ नका, तिने नळ पुन्हा वाहायला लागतो.

२. कृष्णेची वीज तोडा. पिंग होत नाही म्हणजे मेली असं समजू नका. आयपीएमआयवर 'पॉवर ऑफ' दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

३. कोयनेवर डीआरबीडीची स्थिती बघा. तिची स्वतःची बाजू 'अपटूडेट' असेल तर तिला प्रायमरी करा. 'इनकन्सिस्टंट' किंवा 'आउटडेटेड' दिसलं तर हात मागे घ्या. 'फोर्स' हा पर्याय तिथेच डोळे मिचकावत असतो, पण त्याला हात लावायच्या आधी अनुभवी माणसाला उठवा.

४. डिस्क माउंट करा आणि खरंच माउंट झाली का ते डोळ्यांनी बघा.

५. मारियाडीबी सुरू करा. कृष्णा अचानक गेली असल्याने डेटाबेस आधी स्वतःची डागडुजी करेल, लॉगमध्ये तसं दिसेल. त्याला वेळ द्या.

६. आर्काइव्ह सुरू करा. मग वर्षभरापूर्वीचा कुठलाही एक मेल उघडून बघा. वाचता आला म्हणजे किल्ली बरोबर आहे. ही पायरी अर्ध्या मिनिटाची आहे.

७. संगमचा पत्ता कोयनेवर आणा. रिलेवरून टेलनेटने हाताने एक मेल द्या. २५० आलं? आता तो स्टोअरमध्ये आणि डेटाबेसात आहे का ते बघा. सर्चमध्ये लगेच दिसला नाही तर घाबरू नका, नवे मेल इंडेक्समध्ये ठरावीक अंतराने चढतात. इथे घाबरून पुन्हा कृष्णेवर परतलेले लोक मी पाहिलेत.

८. नळ उघडा, आता क्यू फ्लश करा, आणि 'मेलक्यू'चा आकडा उतरताना बघत बसा. फ्लश केला नाहीत तर जुने मेल आपापल्या वेळेने येत राहतील आणि शेवटचा यायला तासभरही लागेल.

मोजल्याशिवाय झालं म्हणू नका

क्यू रिकामा झाला म्हणजे काम संपलं असं नाही. रिलेच्या लॉगमधून काढा: कृष्णा पडली त्याच्या एक तास आधीपासून आतापर्यंत आर्काइव्हला दिलेल्या किती मेलना २५० मिळालं. मग आर्काइव्हच्या डेटाबेसात त्याच काळातल्या नोंदी मोजा. आकडे तंतोतंत जुळतीलच असं नाही. कृष्णेने मेल ठेवला आणि २५० म्हणायच्या आतच ती पडली, तर रिले तो मेल पुन्हा पाठवतो. ही डबल प्रत एसएमटीपीच्या स्वभावातच आहे, आणि बहुतेक आर्काइव्ह मेसेज आयडी बघून ती टाळतात. तेव्हा मेसेज आयडींच्याच याद्या काढून लावून बघा. लॉगमध्ये आहे आणि आर्काइव्हमध्ये नाही, असा एकही मेल उरला तर शोध सुरू.

दोन्ही मशीनची आणि रिलेची घड्याळं जुळलेली नसतील तर ही मोजणी हास्यास्पद होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली ठेवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेतच. तो नियम इथे आपल्याच उपयोगी पडतो.

मोजणीचा कागद फायलीला लावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश, म्हणजे फायलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, द्यावा लागतो. त्या काळात संगणक नीट चालत होता का, नसेल तर त्याचा नोंदींवर परिणाम झाला का, हा प्रश्नही येतो. 'मंगळवारी पहाटे ४.१० ते ६.४० बंद, त्या काळातले इतके मेल क्यूमधून नंतर दाखल, याद्या जुळल्या' असा सहीचा कागद असेल तर उत्तर देणं सोपं.

परतीची वाट

कृष्णा दुरुस्त होऊन आली. तिला अजून वाटतंय की आपणच कामावर आहोत. म्हणून तिच्या आर्काइव्हच्या आणि कीपअलाइव्हडीच्या सेवा आपोआप सुरू होणार नाहीत असं आधीच करून ठेवा. मग डीआरबीडीला जोडू द्या. या काळात बदललेले ब्लॉक तेवढे कोयनेकडून कृष्णेकडे येतील, अख्खी डिस्क नव्हे. दिशा दोनदा तपासा.

आणि मग परत जाऊच नका. कोयना चांगली चाललीय, तिला चालू द्या. कीपअलाइव्हडीत 'नोप्रीएम्प्ट' लावा, त्यासाठी दोन्ही मशीनची सुरुवातीची स्थिती 'बॅकअप' ठेवावी लागते. नाहीतर जास्त प्राधान्याची कृष्णा उठल्या उठल्या पत्ता हिसकावून घेईल, आणि ती पुन्हा पुन्हा पडत असेल तर संगम दिवसभर इकडून तिकडे झोके घेत राहील.

दर तीन महिन्यांनी ठरवून, दुपारच्या वेळी, वरच्या आठही पायऱ्यांची तालीम करा. एकदा इकडून तिकडे, पुढच्या वेळी तिकडून इकडे. ज्या मशीनवर कधी गेलोच नाही ते मशीन स्टँडबाय नव्हे, नुसतं वीजबिल.

जागेचंही बघा. एकाच यूपीएसवरची दोन मशीन म्हणजे विजेच्या हिशेबाने एकच मशीन. नवी मुंबईत दुसरं मशीन ठेवून निश्चिंत झालेल्यांची १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी परीक्षा झाली, ग्रिड बसलं तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई, तिन्ही एकदम अंधारात. दूरच्या शहरात तिसरी प्रत ठेवायची असेल तर तिथे प्रोटोकॉल ए चालेल, किंवा रोजचा बॅकअपही पुरेल.

राहिला हा लेख. यातल्या पायऱ्या तुमच्या मशीनच्या नावांनी, तुमच्या कमांडसकट लिहून काढा, आणि प्रिंट काढून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. आमच्याकडे पहिल्या खऱ्या फेलओव्हरच्या रात्री या पायऱ्या अंतर्गत विकीवर होत्या, आणि विकी ज्या मशीनवर होता तेच मशीन पडलं होतं. आता कागद आहे, त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलने शेवटच्या तालमीची तारीख असते, आणि तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी दिसली की यूपीएसची बॅटरी तपासायला येणारा माणूसच आम्हाला टोमणा मारतो.